पहिल्या राउंडला किकर

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, टोस्टला मार्मालेड लावता लावता, जयंत सबनीसला कळलं की आपली किंमत शून्य पॉइंट चार आहे. आकडा लाल रंगात होता आणि खाली दुहेरी रेघ होती. दुहेरी रेघ त्याचीच पद्धत. अख्खं टेम्प्लेटच त्याचं होतं, म्हणून तर त्याने ती फाइल आपली समजून उघडली. दुपारी दोनला ड्राफ्ट, त्याआधी शीटवर शेवटचा हात फिरवावा म्हणून तो घरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये शिरला, तिथे एकसारख्याच नावाच्या दोन फाइली होत्या, आणि दुसरी ईशानीची निघाली. चोवीस वर्षांची लेक, लंडनमध्ये नोकरी करते, बापाला तीन तीन दिवस फोन करत नाही, पण बापाचं टेम्प्लेट उचलायला विसरत नाही. चार कॉलम: काम, बाबा, बाबा नसले तर, फरक. कचऱ्याचे बिन बाहेर ठेवणं: बाबा दहा, शेजारचा मायकल दहा, फरक शून्य. बॉयलरचं प्रेशर बघणं: बाबा सहा, यूट्यूब सहा, शून्य. दार लॉक केलंय का ते तीनदा बघणं: बाबा दहा, स्मार्ट लॉक दहा, शून्य. स्टेशनवर सोडणं: टॅक्सी, शून्य. गोष्टी समजावून सांगणं: बाबा दहा, 'शांतता' दहा, शून्य. हे जरा लागलं. चहा: बाबा आठ पॉइंट चार, आई स्वतः आठ. फरक शून्य पॉइंट चार. म्हणजे सत्तावन्न वर्षांचा, एका पेन्शन कंपनीत सीनियर ॲनालिस्ट असलेला, वॉटफर्डच्या मंडळाचा दोनदा खजिनदार झालेला माणूस शेवटी उरला तो चहात, आणि तोही चमचाभर. वर बायकोच्या, मधुमतीच्या, अंघोळीचं पाणी वाजत होतं. पाचच मिनिटांपूर्वी ती इथे, फ्रिजला पाठ टेकून उभी होती आणि म्हणाली होती, "लेस्टरचा फॉर्म आज पाचपर्यंत पाठवायचाय. हॉस्पिटल पहिले सहा महिने राहायला जागा देतंय. एकटी असेन तर स्टाफ ब्लॉकमधली खोली, कुटुंब असेल तर घर. काय टिक करू?" आणि तो म्हणाला होता, "ड्राफ्ट झाला की बोलू." ती म्हणाली, "बरं." ते 'बरं' अजून स्वयंपाकघरातच होतं. फ्रिजच्या आसपास कुठेतरी.

तसं बघितलं तर तो चुकीचं काही बोलला नव्हता. ड्राफ्ट वर्षातून एकदाच असतो. दहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ऑफिसातून वेम्ब्लीची फुकट तिकिटं आली, मंडळातले दहा जण अमेरिकन फुटबॉल बघायला गेले आणि कुणालाही काहीही कळलं नाही. पण आवडलं. चार सेकंद खेळ आणि मग चाळीस सेकंद मीटिंग. मीटिंगमध्ये ठरेल तसं पुढच्या चार सेकंदांत घडत नाही. मग परत मीटिंग. मंडळाच्या लोकांना घरच्यासारखं वाटलं. त्यातून ही लीग. खेळायचं काहीच नाही. दहा जणांनी दहा काल्पनिक टीम करायच्या, अमेरिकेतले खरे खेळाडू आळीपाळीने निवडून घ्यायचे, एकाने घेतला की तो दुसऱ्याला नाही, आणि मग डिसेंबरपर्यंत दर रविवारी ते तिकडे धावणार, पडणार, गुडघे मोडून घेणार, आणि त्याचे पॉइंट इकडे वॉटफर्डमध्ये मिळणार. पहिल्या वर्षी सगळ्यांनी क्वार्टरबॅकवर उड्या मारल्या, कारण बॉल त्याच्या हातात, जाहिराती त्याच्या, पॉइंट सगळ्यात जास्त त्याचे. जयंत तेवढा शांत बसला. त्याने पेन्शनीत जे तीस वर्षं केलं तेच इथे केलं, वजाबाकी. पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक आठवड्याला वीस पॉइंट देतो, दहाव्या नंबरचा सतरा. मग घाई कसली, तीन पॉइंटांसाठी? पण बॉल घेऊन धावणारे, ते रनिंग बॅक, पहिला अठरा देतो आणि विसावा सात. तिथे अकराचा खड्डा आहे. तेव्हा माणूस किती मोठा ते बघायचंच नाही, तो गेल्यावर उरतं काय ते बघायचं. हे वाक्य जयंतने इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की दिवाळी पार्टीत तो चिवड्याच्या दिशेने निघाला की लोक चकल्यांकडे सरकायचे. आणि सगळ्यात खाली किकर. एक लाथ मारायची आणि परत जाऊन बसायचं. पहिला किकर नऊ देतो, दहावा साडेआठ. किकर शेवटच्या राउंडला घ्यायचा असतो, चहा गार झाल्यावर. शून्य पॉइंट पाच, त्याच्या मनात आलं, आणि त्याने टोस्ट खाली ठेवला. किकरसुद्धा आपल्या वर आहे.

गाडी मधुमतीने चालवली. तो मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता, झाकण लावून, जणू आत काहीतरी सांडेल. मागच्या सीटवर बबल रॅपमध्ये गुंडाळलेला गणपती होता, सीटबेल्ट लावलेला. चतुर्थीला तीन दिवस होते. मंडळ स्काउट हटचा हॉल वर्षातून एकाच रविवारी दिवसभर घेतं, त्यामुळे गणपतीची सजावट आणि लीगचा ड्राफ्ट एकाच छताखाली चालतात, आणि दरवर्षी झेंडूच्या माळा लावणाऱ्यांचं आणि लीगवाल्यांचं एक्स्टेन्शन लीडवरून वाजतं. "ईशानीचा फोन झाला का तुझा एवढ्यात?" त्याने शक्य तितकं सहज विचारलं. "काल," मधुमती म्हणाली. "का?" "काही नाही, असंच." राउंडअबाउट आला, तिने तो नेहमीसारखा सुबक घेतला. तिचं सगळंच तसं सुबक. तीस वर्षं मिडवाइफ, हजारो पोरं या हातांनी बाहेर काढली, आता लेस्टरचा अख्खा विभाग तिच्या हाती देतायत. तिच्यासारखी कुठून आणणार? वॉटफर्डच्या हॉस्पिटलात परवा तिच्या मॅनेजरने म्हणे डोळे पुसले. आणि आपण क्रॉयडनला जातो त्या ऑफिसात आपल्यासारखे सात जण एका रांगेत बसतात. आठवड्यातून दोन दिवस जायचं, खुर्ची जी मिळेल ती. मागच्या महिन्यात आपण आजारी होतो तेव्हा आपल्या जागी कुणीतरी बसलं होतं आणि खुर्चीची उंचीसुद्धा बदललेली नव्हती. वॉटफर्ड ते क्रॉयडन सव्वा तास. लेस्टर ते क्रॉयडन, सेंट पँक्रसला एकदा बदलून, दोन तास चार मिनिटं. हे त्याला तोंडपाठ होतं. दोन आठवड्यांपूर्वी, लेस्टरचं पत्र आलं त्याच संध्याकाळी त्याने बाथरूममध्ये बसून टाइमटेबल बघितलं होतं. पण ती विचारेल म्हणून तो थांबला. थांबणं हीच तर त्याची खासियत. बाकीचे घाईत काय काय उचलतात, आणि शांत बसणाऱ्याच्या पुढ्यात चांगली चीज आपोआप घरंगळत येते. दोन आठवडे तो शांत बसला होता. काही घरंगळलं नव्हतं. आणि आज तिने विचारलं, आणि विचारलंही कसं, 'काय टिक करू.' येशील का, असं नाही. टिक.

हॉलच्या मागच्या कॉरिडॉरमध्ये, स्काउटांच्या ओल्या तंबूंच्या वासात उभं राहून त्याने ईशानीला फोन लावला. "बाबा! आज तुमचा ड्राफ्ट ना? कोणाला घेणार?" "ते शीट," तो म्हणाला. पलीकडे शांतता. शांतता दहा, त्याला आठवलं. "ओ माय गॉड. तू ते बघितला?" "बघितलं." "बाबा, ते माझा शीट होता, तुझ्यासाठी नव्हता. म्हणजे तुझ्यावर नव्हता. आईला टेन्शन आला होता की ती एकटी मॅनेज करेल का, सो मी तिला दाखवत होते की शी विल बी फाइन." "म्हणजे आईने बघितलंय." "हो, ऑब्व्हियसली." "आणि काय म्हणाली?" "काही नाही. हसली. मग एक रो तिनी स्वतः ॲड केली." "कुठली?" "मला माहीत नाही बाबा, मी परत उघडला नाही. लिसन, तू अपसेट आहेस का? चहात तू जिंकलास ना!" तंबूंवरून पाण्याचा एक थेंब त्याच्या मानेवर पडला. आपण अपसेट नाही, एक मेथडॉलॉजीचा प्रश्न होता फक्त, असं काहीतरी त्याने सांगितलं. मग तो कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन परत आला, परत गेला, परत आला. एक रो. सकाळी तो चहापर्यंत पोचला होता, बेरीज बघितली होती आणि झाकण लावलं होतं. चहाच्या खाली काही होतं का? असणार. दुहेरी रेघेच्या वर एक ओळ होती, तिच्यात आकडा नव्हता म्हणून नजर घसरली. तीस वर्षांची सवय, आकडा नसला की नजर घसरते. आत्ता उघडून बघावं तर आतून मोहनकाकांचा आवाज आला, "जयंतराव! प्रोजेक्टर तुमच्याशिवाय कुणालाही ओळख देत नाहीये!"

मोहनकाका लीगचे कमिशनर. वय एक्याऐंशी, खेळातलं अक्षर कळत नाही, म्हणूनच निःपक्षपाती. त्यांच्यासमोर टेबलावर स्टीलचा डबा होता, त्याला लीगमध्ये 'उरलेल्यांचा डबा' म्हणतात. सहा वर्षांपूर्वी काका स्वतः एक टीम चालवायचे तेव्हा आपली पाळी आली असताना अकरा मिनिटं झोपले. तेव्हापासून नियम: प्रत्येकाला नव्वद सेकंद, आणि तेवढ्यात नाव नाही घेतलं तर डब्यातून चिठ्ठी. डब्यात फक्त असे, ज्यांना कुणी घेत नाही. चिठ्ठी गणपतीसमोर काढायची, मग गणपती बबल रॅपमध्ये का असेना. तोंडावरचं तेवढं बाजूला करायचं. सहा वर्षांत डब्यात हात घालायची वेळ कुणावर आली नव्हती. जयंतने वायर जोडली, भिंतीवर बोर्ड उमटला. पलीकडे शिडीवर मधुमती चढली होती, कापडी झेंडूची माळ हातात. त्याच्या शेजारी वरदा, डेंटिस्ट, गेल्या वर्षीची चॅम्पियन, आणि पलीकडे मनाशे पेणकर, जो गोल्डर्स ग्रीनहून यायचा, गणपतीच्या दिव्यांच्या माळा सोडवून द्यायचा आणि भायखळ्याच्या आजीकडून उरलेलं पाऊण मराठी बोलायचा. "जयंत, यू लुक टेरिबल," मनाशे म्हणाला. "झोपला नाय काय?" "तो शीट तयार करत असेल," वरदा म्हणाली. "जयंत, या वर्षी तरी तोंडाने घे रे नाव, पीएचडी नको." ड्राफ्ट सुरू झाला. पहिल्या तिघांनी तीन रनिंग बॅक घेतले. दहा वर्षांत सगळ्यांनाच वजाबाकी यायला लागली होती आणि ते त्याला आवडलं नव्हतं. चौथा तो. काकांनी घड्याळ सुरू केलं. नव्वद.

नव्वद सेकंद म्हणजे खूप असतात, माणूस स्वस्थ असेल तर. मागच्या वर्षी याच हॉलमध्ये, याच भिंतीसमोर त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मंडळाने केक आणला होता, आणि चार शब्द बोला म्हटल्यावर तो चारशे बोलला होता. लग्न एकतिसाव्या वर्षी केलं, सगळे म्हणत होते उशीर झाला, पण मला माहीत होतं, क्वार्टरबॅक उशिरा घेतला तरी चांगलाच मिळतो. हॉल हसला होता. मधुमतीही हसली होती, हातात सुरी. घरी आल्यावर कानातली काढता काढता आरशातून म्हणाली होती, "उशिरा घेतली म्हणजे उरलेली ना?" तिथे थांबायचं होतं. तिथे कुठलाही माणूस थांबला असता, मायकल थांबला असता, स्मार्ट लॉक थांबलं असतं. त्याने कागद घेतला होता. उरलेली नाही गं, उलट, हे बघ, या पोझिशनला पुरवठा जास्त आहे. पुरवठा! पाऊण तास त्याने तिला टेबल काढून दाखवलं होतं आणि ती पलंगाच्या कडेला एक कानातलं हातात, एक कानात, अशी बसून होती. शेवटी म्हणाली, "बरं." तेव्हाचंही 'बरं' घरात कुठेतरी असेलच. "सत्तर," काका म्हणाले. त्याने यादी बघायला म्हणून बाजूच्या टॅबवर क्लिक केलं. समोर लाल शून्य पॉइंट चार आलं. एक क्षण त्याला वाटलं, हे फक्त आपल्याला दिसतंय. मग वरदाची मान भिंतीकडे वळलेली दिसली, आणि मनाशेची, आणि एक्स्टेन्शन लीडवरून भांडणाऱ्या दोघींची, आणि त्याच्या लक्षात आलं की भिंतीवर, सहा फूट रुंद, 'बाबा नसले तर' लागलंय.

"हे काय आहे?" कुणीतरी म्हणालं. खरा प्रश्न होता तो. जयंतने टॅब बंद करायला हात पुढे केला आणि लॅपटॉपने, जो त्याला आठ वर्षं साथ देत होता, ठरवलं की अपडेट व्हायची हीच वेळ आहे. बाण गोल गोल फिरायला लागला. भिंत तशीच. "बिन शून्य?" वरदा मोठ्याने वाचत होती. "हे अन्यायाचं आहे हां. बँक हॉलिडेनंतर कचऱ्याचा दिवस बदलतो तेव्हा मायकल काय करणार?" "मायकलकडे ॲप असेल." "ॲप चुकतं. गेल्या ईस्टरला अख्ख्या आमच्या रस्त्याने चुकीचा बिन ठेवला." "मग जयंतला निदान एक द्या." "पॉइंट पाच द्या." लीगवाल्यांच्या डोळ्यांत एक चमक आली होती, ती त्याच्या ओळखीची होती, त्यानेच ती दहा वर्षं लावली होती. उरतं काय ते बघायचं. "बॉयलरला सहा कसले," मनाशे म्हणाला, "माझ्या घरी आला होता, टू आवर्स, नंतर बॉयलरच नवीन घेतला. गिव्ह हिम मायनस." "मायनस कसा? मायनस असेल तर ड्रॉप करायचा माणूस." "तेच तर डिस्कस करतोय ना." मोहनकाका चष्मा कपाळावर चढवून भिंतीजवळ गेले होते. "जयंतराव, हा कुठला प्लेअर?" "काका, हा जयंतच आहे," वरदाने सांगितलं. "असं होय. मग पोझिशन कुठली यांची?" शिडीकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती. शिडीवरून माळेचा आवाज येत नव्हता एवढं कळत होतं. "आणि हे खाली काय?" काका म्हणाले, बोट लावून. "सत्सुमा सोलणं. बाबा: हो. बाबा नसले तर: प्रश्नचिन्ह. फरक: प्रश्नचिन्ह." ती ओळ. आकडा नव्हता म्हणून बेरजेत आली नव्हती. बेरजेला अक्षरं दिसत नाहीत. हे तो नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचा.

"छोटं संत्रं ते, सत्सुमा कुणीही सोलेल," वरदा म्हणाली. "सुपरमार्केटात सोललेल्यासुद्धा मिळतात." "माझ्या घरी कुणी सोलत नाय," मनाशे म्हणाला. "आय गेट द होल नेट, जाळीच देतात हातात." "मग प्रश्नचिन्ह कशाला? शून्य टाका." आणि शिडीवरून मधुमतीचा आवाज आला, मोठा नाही, पण ती लेबर वॉर्डात वापरायची तो. "तो शिरा काढतो." जयंतला आधी कळेच ना. मग फेब्रुवारी आठवला, चार वर्षांपूर्वीचा, की पाच. सकाळी साडेआठला ती ड्यूटीवरून आली ती कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. काहीतरी झालं होतं. मूल, किंवा आई, किंवा दोघं. त्याने विचारलं नाही. म्हणजे तो शहाणा होता म्हणून नाही. त्याच्याकडे बोलण्यासारखे आकडेच नव्हते. हाताला काहीतरी हवं म्हणून त्याने टोपलीतली सत्सुमा घेतली, सोलली, आणि तरी ती बोलेना म्हणून तो एकेका फोडीवरच्या पांढऱ्या शिरा काढत बसला. ते फार वेळखाऊ काम असतं. काही शिरा नखात येत नाहीत, काही सालीच्या बाजूने आत गेलेल्या असतात, ओढल्या की फोड फुटते. आठ फोडी, बशीत, गोल. त्याचं क्रॉयडन चुकलं त्या दिवशी. तिने पाचवी फोड खाताना कोट काढला. नंतर मग तशा सकाळी तो तेच करायचा, वर्षातून तीन-चारदा असेल, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, नवऱ्याने समोर बसून फळ सोललं. शीटमध्ये घालायचं त्याच्या जन्मात डोक्यात आलं नसतं. त्याने शेवटी वर बघितलं. ती शिडीच्या चौथ्या पायरीवर होती, माळ खांद्यावर पडलेली, आणि त्याच्याकडेच बघत होती, हसत नव्हती, रागावलीही नव्हती. ती पेशंटकडे बघते तसं, आता कळ येईल म्हणून वाट बघत. काहीतरी बोलायचं होतं आपण. आत्ता. तोंड उघडलं. आणि टेबलावरचं घड्याळ वाजलं.

"झाले नव्वद," मोहनकाका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सहा वर्षांचा न्याय पसरला. "डबा!" याहून मोठा आनंद या हॉलला गेल्या दहा वर्षांत झाला नव्हता. दोघांनी गणपती आणला, तोंडावरचं बबल रॅप बाजूला केलं, वरदाने टाळ्यांचा ठेका धरला. काका नियम वाचून दाखवत होते आणि वाचता वाचता फुलत होते. जयंत सबनीस, वजाबाकीचा जनक, पहिल्या राउंडला, चौथ्या नंबरवर, जिथे सोळा पॉइंटांचा रनिंग बॅक त्याची वाट बघत उभा होता, तिथे उरलेल्यांच्या डब्यात हात घालून उभा. चिठ्ठी निघाली. "डेल ओस्टरहाउट," काकांनी वाचलं. "कोण हा?" "किकर!" मनाशे ओरडला. "पहिल्या राउंडला किकर! ओ, आय कॅन डाय नाउ!" कुणीतरी फोटो काढला. फोटोत पुढे हसणारे आठ जण आहेत, बबल रॅपमधून बघणारा गणपती आहे, आणि मागे शिडी. शिडीवर कुणी नाही.

पुढचे तेरा राउंड त्याने कसे केले ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. लॅपटॉप अपडेट होऊन उठला तेव्हा त्याच्या टीममध्ये टाइट एंड, जो एकच लागतो, दोन झाले होते आणि क्वार्टरबॅक, ज्याच्यासाठी थांबायचं असतं, तो थांबता थांबता राहूनच गेला. सगळे घेऊन संपले होते. तो सारखा दाराकडे बघत होता. किचनमध्ये नाही, कॉरिडॉरमध्ये नाही, तंबूंत नाही. तीन वाजले, साडेतीन, चार. खुर्चीवर एकेक मांडी बदलत त्याने मनातल्या मनात वाक्यं केली. लेस्टरला मी आलो तर. मी जर लेस्टरला. बघ, एक आहे. प्रत्येक वाक्यात पुढे एक कागद आणि पेन्सिल दिसायला लागली की तो ते खोडायचा. आणि त्यात एक विचार आला तो जाईना: गेली सव्वीस वर्षं आपण तिचं शीट कधी केलं नाही. मधुमती: अमुक. मधुमती नसली तर. त्याने पहिली ओळ लिहायचा प्रयत्न केला, डोक्यातच. सकाळ, असं लिहिलं. पुढच्या कॉलमात काही येईना. चार पस्तीसला त्याने शेवटच्या राउंडला जे नाव समोर होतं ते घेतलं. "हा तर परवा रिटायर झाला," वरदा म्हणाली. "असू दे," जयंत म्हणाला आणि उठला.

ती गाडीत होती. पार्किंगच्या टोकाला, काच खाली करून, ड्रायव्हरच्या सीटवर, बूट काढून बसलेली. तो शेजारी बसला. डॅशबोर्डवर चार चाळीस. "काय झालं ड्राफ्टचं?" तिने विचारलं. "वाट लागली." "तो किकर." "हं." "तो दिवसभर करतो काय?" "काही नाही. बाजूला उभा असतो. जाळीत बॉल मारत." "आणि?" "आणि मग शेवटची चार सेकंदं उरली की बोलावतात त्याला." "आणि तो नसला तर?" "तर दुसरा. कुणीही." तो थांबला. "म्हणजे, शीटमध्ये." हॉलमधून अजून हसण्याचा आवाज येत होता. चार बेचाळीस. आत्ता जर ती काही बोलली, विचारलं, नुसतं 'मग' म्हणाली तरी. तिने पायाने बूट चाचपला. आणि जयंतला दोन आठवड्यांत पहिल्यांदा दिसलं की गाडीत थांबणारे दोघं आहेत.

"मी येतो," तो म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा आला. "म्हणजे क्रॉयडनला दोनच दिवस जायचं असतं, सेंट पँक्रसहून डायरेक्ट गाडी आहे, एकूण दोन तास चार मिनिटं, म्हणजे आत्तापेक्षा फक्त एकोण..."

"जयंत."

"येतो. घर टिक कर."

"फॉर्म गेला," ती म्हणाली.

"कधी?"

"तुझी चिठ्ठी निघत होती तेव्हा. सगळे तुझ्याकडे बघत होते, मला जरा शांतता मिळाली."

"काय टिक केलंस?"

तिने बूट चढवला, गाडी सुरू केली, आरशात बघितलं आणि मागे घेतली, सुबक. गाडी रस्त्याला लावली. मग म्हणाली, "लेस्टरला बिन कुठल्या दिवशी असतात ते बघून ठेव."

त्याने फोन काढला. कौन्सिलचं पान उघडलं. पानाने पोस्टकोड विचारला. "पोस्टकोड काय?" "अजून कळवला नाही त्यांनी. घर कुठलं ते पुढच्या आठवड्यात सांगणारेत." "पण मग दिवस कसा कळणार?" "नाही कळणार." राउंडअबाउट आला. त्याने परत एकदा पान उघडलं, परत त्याने पोस्टकोड विचारला. तिकडे काळा बिन आणि रिसायकलिंग एकाच दिवशी असतं की आलटून पालटून? बँक हॉलिडेनंतर काय करतात? मायकल तर इथेच राहणार. त्याने सीटवर एक मांडी बदलली, मग दुसरी, मग परत पहिली.